रेडिओदादा आणि नऊ हजार ओळींची फाईल

काचेच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ते ऑफिस होतं. खाली दिवसभर काच कापल्याचा करकर आवाज, वर पाच माणसं आणि एक प्रोग्रॅम. प्रोग्रॅम रक्तपेढ्यांसाठी होता. एखाद्या हॉस्पिटलला रक्त कमी पडलं, त्यातून दुर्मिळ गटाचं हवं असलं, की त्यांनी वेबसाईटवर मागणी टाकायची; प्रोग्रॅमने जवळपासचे दाते शोधायचे आणि त्यांच्या फोनवर निरोप धाडायचा. कुणी ‘येतो’ म्हणालं की हॉस्पिटलला कळवायचं. काम बघायला गेलं तर एवढंच. पण ते थांबलं तर कुणाच्या तरी उशाशी बसलेल्या माणसाचा धीर सुटणार, हे ताईंच्या मनातून कधी जायचं नाही.

ताई म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रॅमर. साहेबांसकट सगळे त्यांना ताईच म्हणत. घरी दहावीतली मुलगी, गुडघे धरलेल्या सासूबाई आणि फिरतीवर असणारा नवरा, अशी तिन्हीकडची ओढाताण सांभाळून त्या वेळेवर टेबलाशी हजर असत. भित्र्या अजिबात नव्हत्या. पण त्या प्रोग्रॅमला मात्र भीत होत्या.

त्याला कारण होतं. धंदा नवा असताना साहेबांनी एका दमात सगळं एकाच फाईलमध्ये लिहिलं होतं, आणि पुढे जो आला त्याने तिच्यातच भर घातली. फाईल नऊ हजार ओळींवर गेली. मग ती पुरेना म्हणून शेजारी ‘युटिल्स’ आली, पाठोपाठ ‘युटिल्स दोन’, ‘हेल्पर्स’, ‘नवीन हेल्पर्स’, आणि नोकरी सोडताना कुणीतरी ठेवून गेलेली एक फाईल, जिचं नावच ‘हे काढू नका’ असं होतं. ती कशासाठी आहे ते कुणालाच माहीत नव्हतं आणि काढून बघायची कुणाची छाती नव्हती.

एकदा भर दुपारी निरोप जाणं बंद पडलं. वेबसाईट छान चालतेय, मागण्या येताहेत, दात्यांना मात्र एकही निरोप नाही. हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा कुठे कळलं. त्या दिवशी कुणी निरोपांच्या भागाला हातही लावला नव्हता. एकाने फक्त रक्तदान शिबिरांच्या तारखा दाखवायची सोय केली होती. ताईंची पाचावर धारण बसली. शेवटी त्या दिवसाचे सगळेच बदल मागे घेतले, तसे निरोप सुरू झाले. का बंद पडले, का सुरू झाले, कुणालाच सांगता येईना.

“हे असं नाही चालायचं,” साहेब म्हणाले. “कुणीतरी जाणता माणूस आणतो. सगळं नीट लावून घेऊ.”

आणि तो माणूस आला. पंचेचाळिशीचा, उंच, हातात पांढरी काठी. सोबत पत्नी होती, तिने त्यांना जिन्याच्या तोंडाशी सोडलं आणि ती आपल्या कामावर निघून गेली. ते एकटे वर आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, “नमस्कार. पंख्याखाली कुणी बसलंय का? नसेल तर ते टेबल मला द्या. खिडकीचा मला उपयोग नाही, खिडकी तुम्ही ठेवा.”

त्यांना दिसत नाही हे साहेबांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. ताईंच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता यांना सांभाळायचं कुणी? पुढे कितीतरी दिवस तो विचार आठवला की त्यांचे कान गरम व्हायचे.

त्यांनी लॅपटॉप उघडला, पडद्याचा उजेड पार घालवून टाकला आणि कानात इअरफोन घातले. स्क्रीनवर जे असेल ते वाचून दाखवणारा आवाज त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये होता, आणि तो अशा वेगाने बोलायचा की बाहेर झिरपणारी कुजबुज ऐकून दात्यांच्या फोनवर निरोप धाडायचं काम बघणारा पोरगेला इंजिनीअर म्हणाला, “अहो, हा तर रेडिओ आहे, स्टेशन न लागलेला!” तेव्हापासून ते रेडिओदादा झाले. त्यांनी नाव खुशाल लावून घेतलं. फोन उचलला की “रेडिओ बोलतोय” म्हणायचे.

पहिले काही आठवडे त्यांनी एक ओळदेखील लिहिली नाही. नुसते ऐकत बसायचे. मधूनच हसायचे, मधूनच “अरे देवा” म्हणायचे. साहेब ताईंना बाजूला घेऊन म्हणाले, “अहो, हा नुसता ऐकतोय काय? काम कधी सुरू करणार?”

ताईंनी जाऊन विचारलं, थोडं घुटमळतच.

“ताई, मला फाईल वर-खाली सरकवून अंदाज घेता येत नाही,” दादा म्हणाले. “तुम्ही एक नजर टाकता आणि तुम्हाला आकार कळतो. माझ्यासमोरून एका वेळी एकच ओळ जाते. म्हणून आधी सगळं डोक्यात घ्यावं लागतं. आता आलंय बऱ्यापैकी.”

“सगळं म्हणजे?”

“विचारा काहीही.”

ताईंनी विचारलं, दात्याचं वय कुठे तपासलंय? दादांनी मान किंचित तिरकी केली. “तीन ठिकाणी. मुख्य फाईलमध्ये नोंदणीच्या जरा खाली, मग ‘हेल्पर्स’मध्ये, आणि पुन्हा ‘युटिल्स दोन’मध्ये. पहिल्या दोन्हींत अठरा पूर्ण लागतात. तिसऱ्यात अठरावं लागलं तरी चालतं. कुणीतरी चुकलंय.”

ताई आपल्या टेबलाशी गेल्या आणि शोधून पाहिलं. तिन्ही जागा बरोबर. चूकही बरोबर. त्या स्क्रीनकडे बघतच राहिल्या. ज्या फाईलमध्ये आपण इतकी वर्षं वावरलो, तिच्यात हा माणूस काही आठवड्यांत घरच्यासारखा फिरत होता, तेही ती न पाहता.

त्याच आठवड्यात त्या दुपारचं कोडंही सुटलं. दादांनी मागे घेतलेले बदल स्वतःच्या लॅपटॉपवर परत चढवले, निरोप पाठवून पाहिला आणि प्रोग्रॅमने आतल्या आत गिळून टाकलेली चूक बाहेर काढून ऐकली.

“ताई, इकडे या. शिबिरांच्या तारखांसाठी जी नवी फाईल केली होती, तिचं नाव काय ठेवलं होतं?”

“कॅलेंडर.”

“झालं तर मग. आपला प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिलाय, त्या पायथनची स्वतःचीही एक कॅलेंडर नावाची फाईल असते. निरोप पाठवायला आपण बाहेरची जी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, वापरतो, तिला ती लागते. तिने हाक मारली ‘कॅलेंडर’, आणि ओ कुणी दिली? आपल्या कॅलेंडरने, कारण ती दाराजवळच बसली होती. पायथन आधी जवळच्या खोलीत बघतो, मग लांब. लायब्ररीला हवं ते आपल्या कॅलेंडरकडे नव्हतं, म्हणून निरोप गेला नाही. एका नावाची दोन माणसं, दुसरं काही नाही.”

ज्या गोष्टीने ताईंची झोप उडवली होती ती अशी दोन वाक्यांत मावत होती.

मग काम सुरू झालं. दादांनी सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाले, “कोड विसरा. एक मागणी आली की काय काय होतं ते मला गोष्टीसारखं सांगा. कुणाला कुणाची गरज पडते, तेवढंच.” बोलता बोलता चार भाग निघाले: दाते, हॉस्पिटलं, मागण्या आणि निरोप. प्रत्येकाचं एक फोल्डर, पायथनच्या भाषेत पॅकेज. आत पुन्हा प्रत्येकाची सारखीच मांडणी: वेबसाईटवरून येणारी विनंती घेणारी फाईल वेगळी, प्रत्यक्ष निर्णय करणारी वेगळी, माहिती साठवणारी वेगळी. एक फोल्डर कळलं की चारही कळावीत. चाचण्यांचं फोल्डर बाहेर. पासवर्डसारख्या गुप्त किल्ल्या, पत्ते, सेटिंग्ज एका जागी. आणि ‘युटिल्स’ नावाची फाईल पुन्हा कुणी करायची नाही.

“का पण?” इंजिनीअरने विचारलं. “सगळ्यांना लागणाऱ्या बारीकसारीक गोष्टी ठेवायच्या कुठे?”

“घरात एक ड्रॉवर असतो बघ, ज्यात सेल, दोरा, तुटकी चावी सगळं असतं? तुला दिसतं म्हणून तू त्यात हात घालतोस. मी घातला की बोट कापतं. वस्तूला नाव दे, ती कुणाची आहे ते बघ आणि त्याच्या घरी ठेव.”

खरी गुंतागुंत इम्पोर्टची होती. एका फाईलला दुसऱ्या फाईलमधलं काही हवं असलं की ‘अमुक ठिकाणाहून तमुक आण’ अशी ओळ वर लिहायची, ती इम्पोर्ट. मुख्य फाईल दात्यांच्या फाईलकडे मागायची आणि दात्यांची फाईल उलट मुख्य फाईलकडे. ताईंनी दोन्ही वेगळ्या केल्या की प्रोग्रॅम सुरूच होईना.

दादा हसायला लागले. “दोन सभ्य माणसं दारात भेटलीत. ‘आधी तुम्ही.’ ‘छे छे, आधी तुम्ही.’ दोघंही बाहेरच.”

“मग ढकलायचं कुणाला?”

“कुणालाच नको. दोघांना हवंय ते काय? डेटाबेसची जोडणी. ती मुख्य फाईलच्या खिशात आहे, म्हणून सगळे तिच्या मागे लागतात. ती खिशातून काढा आणि वेगळ्या छोट्या फाईलमध्ये ठेवा. ती फाईल कुणाकडे काही मागणार नाही. मुख्य फाईलने उठल्यावर फक्त सगळ्यांना जोडून द्यायचं, बाकी काही नाही.”

ताईंनी तसं केलं. प्रोग्रॅम सुरळीत उठला. त्यांनी भीत भीत पुन्हा बंद करून चालू केला. पुन्हा उठला. “दादा, उठला हो!” त्या जवळजवळ ओरडल्याच, आणि खालच्या दुकानातली करकर क्षणभर थांबली.

दादांचा नियम एकच होता आणि तो ते सगळ्यांकडून रोज घोकून घ्यायचे. वरच्याने खालच्याला हाक मारायची, खालच्याने वरच्याला नाही. मागणीला दाता माहीत असावा. दात्याला मागणी माहीत असायचं कारण नाही. आणि हाक मारताना पूर्ण पत्ता घ्यायचा, ‘शेजारचा’ म्हणायचं नाही. “शेजारचा म्हणजे कुणाच्या शेजारचा? मी जागा बदलली की शेजार बदलतो.”

मधे दादांना ताप आला, तेव्हा काही कामासाठी ताई त्यांच्या घरी गेल्या. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. त्या फिजिओथेरपिस्ट होत्या, बोलायला मोकळ्याढाकळ्या. दादा चादर गुंडाळून स्वयंपाकघरात चहा करत होते आणि कुणी मदतीला आलेलं त्यांना खपत नव्हतं. साखरेचा डबा, चहाचा डबा, गाळणी. हात सरळ तिथेच जात होता.

“ही शिस्त आधीपासूनची का हो, वहिनी?” ताईंनी हळूच विचारलं.

“छे! लग्न झालं तेव्हा मोजे फ्रीजवर सापडायचे.” वहिनी हसल्या. “डोळ्यांचा आजार कळला तेव्हा डॉक्टर म्हणाले, हळूहळू जाईल, काही वर्षं आहेत. मला वाटलं, हे खचतील. यांनी काय करावं? दुसऱ्या दिवसापासून डोळ्यांवर टॉवेल बांधून कॉम्प्युटरपुढे बसायला लागले. दिसत असताना! मुली लहान, त्यांना वाटायचं बाबा लपाछपी खेळताहेत. रोज थोडा वेळ. चुकले की चिडायचे, टॉवेल फेकून द्यायचे, परत बांधायचे. ज्या दिवशी खरंच दिसेनासं झालं ना, त्या दिवशी हे कामावर गेले. रडले नंतर, खूप रडले. पण आधी गेले.”

“मुलींच्या खोलीत मात्र जात नाही मी,” दादा चहा ओतत म्हणाले. “तिथे एकदा वाटेत स्टूल होतं, समोरचा दात गेला. आता दारातूनच हाक मारतो. त्यांच्या खोलीतलं काही इम्पोर्ट करायचं नाही, असं ठरलंय.”

ताई हसल्या, पण परतताना रस्त्यात त्यांना तो टॉवेलच दिसत होता. उजेडाचे उरलेले दिवस माणूस जपून ठेवतो, अशी त्यांची समजूत होती. या माणसाने त्यातला रोजचा थोडा वेळ स्वतःहून देऊन टाकला होता. चौकात गाड्यांचे हॉर्न वाजत होते, त्या तिथेच उभ्या राहिल्या, आणि त्यांनी डोळे मिटून चालून पाहिलं. दोन पावलांत घाबरून उघडले.

नवी मांडणी सर्व्हरवर चढवायचा दिवस ठरला. सकाळी सगळे लवकर आले. ऑफिसातल्या मशीनवर सगळ्या चाचण्या पास होत्या. ताईंनी बटण दाबलं. सर्व्हरवर प्रोग्रॅम उठायला गेला आणि धाडकन पडला. चूक सांगत होती: ‘मेसेजेस’ नावाचं, म्हणजे निरोपांचं, पॅकेज कुठेच नाही.

“आहे,” दादा म्हणाले. त्यांनी सर्व्हरवरच्या फोल्डरांची नावं ऐकली. “आहे की! डोनर्स, हॉस्पिटल्स, मेसेजेस, रिक्वेस्ट्स.” परत ऐकली. तिसऱ्यांदा ऐकली. त्यांच्या कपाळावर घाम आला. एवढ्या दिवसांत ताईंनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. साहेब येरझारा घालत होते. “जुनंच परत लावा,” ते म्हणाले. जुनं परत लावलं, काम अडलं नाही. पण दादा हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

“माझ्या डोक्यात ते आहे, ताई. कानालाही ऐकू येतंय. मग सर्व्हरला का सापडत नाही?”

ताई त्यांच्यामागे गेल्या. “उजेड करू का स्क्रीनवर?” त्यांनी उजेड वाढवला, नावं वाचली, आणि त्यांना ते एका नजरेत दिसलं.

“दादा, इथे ‘मेसेजेस’चा पहिला एम मोठा आहे.”

दादांनी कपाळावर हात मारून घेतला. नवी मांडणी करताना ते फोल्डर आधी कुणीतरी मोठ्या एमने केलं होतं. दादांनीच त्याचं नाव बदलून सगळी अक्षरं छोटी केली होती. पण ऑफिसातल्या मशीनला मोठ्या-छोट्या एममध्ये फरक कळत नाही, म्हणून नाव बदललं ही गोष्ट सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही. सर्व्हरला मात्र फरक कळतो. आणि शब्द सलग वाचणाऱ्या त्या आवाजात मोठं अक्षर आणि छोटं अक्षर अगदी एकसारखं ऐकू येतं.

“म्हणजे मी शंभर वेळा ऐकलं असतं तरी...” ते म्हणाले.

“मी रोज बघत होते आणि मलाही आज दिसलं,” ताई म्हणाल्या.

“तेही खरंच.” त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. “बरं झालं, खिडकी तुमच्याकडे ठेवली ते.”

नाव नीट बदललं, सगळं पुन्हा चढवलं. या वेळी प्रोग्रॅम उठला आणि उभा राहिला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी दादांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग ‘हे काढू नका’ ही फाईल सगळ्यांच्या साक्षीने काढून टाकली. काहीही झालं नाही.

त्यानंतर एक दिवस ताई म्हणाल्या, “दादा, एकदा मला ऐकवा ना, तुम्ही ऐकता तसं.”

दादांनी एक इअरफोन त्यांना दिला. कानात नुसता सळसळाट झाला. शब्द कुठे सुरू होतो, कुठे संपतो, काही उमगेना. दादांनी वेग कमी केला, आणखी कमी केला. आणि मग ताईंना ऐकू आलं. फाईलच्या सुरुवातीच्या इम्पोर्टच्या ओळी एकामागून एक येत होत्या: डोनर्समधून हे, हॉस्पिटल्समधून ते, मेसेजेसमधून अमुक. कोण कुणावर विसंबून आहे, ते पहिल्या काही ओळींतच स्पष्ट कळत होतं. त्यांनी डोळे मिटले. या वेळी घाबरल्या नाहीत. चारही फोल्डर त्यांना जणू चालत फिरता येतील अशी लांबरुंद वाटली, आणि त्यात कुठेही ठेच लागत नव्हती.

“दिसलं?” दादांनी विचारलं.

“दिसलं,” ताई म्हणाल्या.

तेवढ्यात मागणी आली. एका हॉस्पिटलला फार क्वचित सापडणारा गट हवा होता. ताईंनी इअरफोन काढला आणि सगळे त्यांच्या स्क्रीनभोवती जमले. मागणीने दाते विचारले, दात्यांच्या फोल्डरने नावं दिली, निरोप निघाले. बराच वेळ काहीच नाही. मग एकाचं ‘येतो’ आलं. मग अजून एकाचं. जेवणाची वेळ टळून गेली तरी कुणी हललं नाही. शेवटी त्या मागणीपुढे ‘रक्त मिळालं’ असं उमटलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. इंजिनीअर डोळे पुसत खिडकीकडे वळला.

“काय झालं?” पंख्याखालून दादांनी विचारलं. “सगळे एवढे गप्प का?”

“मिळालं, दादा,” ताई म्हणाल्या.

“अरे वा,” दादा म्हणाले, आणि डबा शोधायला त्यांनी पिशवीत हात घातला. “चला, जेवून घेऊ.”